तात्यांनी संपवलेलं ताट

तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, जेवायला बसायचे ते उजवा गुडघा पोटाशी घट्ट दाबून. पोटात कायमची जखम. खायच्या सोड्याची पुडी खिशात असायचीच. आंबट ढेकर आली की चिमूटभर जिभेवर टाकून म्हणायचे, "आतली चूल काय इझत न्हाई बग." खर्डा गावाजवळच्या आमच्या वस्तीवर या दुखण्याची इतकी सवय झाली होती, की भाजीत तिखट जरा जास्त पडलं तरी सगळ्यांच्या माना आधी तात्यांकडे वळायच्या.

पण तात्यांना खरा घोर होता तो काकूचा. नवऱ्याचं जेवण झाल्याशिवाय ती घास तोंडात घालायची नाही. तात्या "भूक न्हाई" म्हणाले, की तीही उपाशी. समजूत घालायला जावं तर म्हणायची, "माझं काय अडलंय?" असला हट्ट, आणि घरातल्या जाणत्या बायकांना वर त्याचं कौतुक.

बहात्तरचा दुष्काळ पडला. काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि उन्हं कलली की काळवंडून घरी यायची. नेमके त्याच सुमारास तात्या नीट जेवायला लागले. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी धडधाकट माणसाच्याही पोटात दगडासारखी बसायची, ती तात्या अख्खी खायचे. "आज बरं वाटतंय," म्हणायचे आणि हात धुऊन कडब्याच्या गंजीमागे जायचे. मग काकू जेवायला बसायची. आम्हाला वाटलं, दुखण्याला उतार पडला. देवापुढे नारळसुद्धा फोडला आम्ही, एवढे शहाणे.

बिंग फोडलं ते कोंबड्यांनी. तात्या उठले की त्या उपाशी कोंबड्या त्यांच्यामागे गंजीकडे धावायच्या. एके दिवशी काकू अर्ध्या जेवणातून उठून बघायला गेली, तिच्यामागे मी. तात्या गंजीला धरून ओकत होते. ओकारीत रक्त होतं.

"कवापास्नं?" काकूनं एवढंच विचारलं.

तात्या तोंड पुसत म्हणाले, "दिसभर दगुड फोडून येती तू. मी न्हाई खाल्लं तर तू खाती का?"

नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. घरी आणल्यावर तात्यांनी काकूला समोर बसवलं. "आता माज्या आदी जेव. मला बगायचंय." काकू मान खाली घालून जेवली. इतक्या वर्षांच्या संसारात तात्यांनी तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. एक भाकरी संपली, दुसरीही संपली. तात्या बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लई भूक लागत हुती की गं तुला."

त्याच उन्हाळ्यात तात्या गेले. काकू पुढं पुष्कळ जगली. सुना आल्या, पाऊसपाणी बरं झालं, घरात गहू-तांदूळ आला. पण दुसऱ्या भाकरीला तिनं पुन्हा हात लावला नाही. माहेरी गेले की मी आग्रह करायची. ती ताट बाजूला सारायची आणि पदर पुढं ओढून म्हणायची, "नगं गं. ते बगत्यात."