कालव्याच्या पुलावर आप्पा

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं होत आली. ज्या कालव्यांवर राबलो ते लेकीला, म्हणजे मला, एकदा दाखवायचे, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एकदाचे निघालो. मंगळवार पेठेतल्या घरातून सकाळीच स्कूटर काढली. मी चालवत होते, आप्पा मागं.

धरणाखालचे कालव्याचे दरवाजे पाहिले, डोंगर फोडून काढलेल्या बोगद्याचं तोंड पाहिलं. दुपारी जलसेतूवर आलो. इथं खोल ओढ्यावरून अख्खा कालवाच सिमेंटच्या पन्हळीतून पलीकडं नेलाय. पन्हळीच्या कडेनं जेमतेम दोन फुटांची वाट. एका बाजूला काठोकाठ वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला चार मजले खाली ओढ्यातले खडक. कठडाही निम्म्यातच तुटलेला.

“आप्पा, इथनंच बघूया.”

“अगं, रोज ह्याच वाटेनं जात होतो की मी!” म्हणत ते निघालेसुद्धा.

मला उंचीची भीती, त्यात पोहता येत नाही. मी जागेवरच थांबले. कठडा संपला, तिथून आप्पा दहा-बारा पावलं पुढं गेले आणि उभे राहिले. काहीतरी बघत असतील, असं वाटलं. मग त्यांचे दोन्ही हात हवेत चाचपडायला लागले.

“पोरी, सगळं फिरतंय गं.”

खाली ओढ्याकाठी म्हशी चारणारा एक माणूस ओरडला, “पावणं, खाली बसा! हाय तितंच बसा, हलू नगासा! मी आलोच वर!”

आप्पा बसले. बसताना एक पाय पाण्यात गेला आणि चप्पल वाहत गेली. तो माणूस चढून येईपर्यंत ते तसे राहतील याची मला खात्री वाटेना. मी गुडघ्यांवर बसले आणि रांगत निघाले. कठडा संपला तिथं डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले असते तर पुढं गेलेच नसते. पाण्याचा आवाज डोक्यात घुमत होता. एकदाचा आप्पांचा सदरा हाताला लागला, तो मी मुठीत आवळून धरला. त्यांनी मागं हात करून माझं मनगट गच्च धरलं. त्यांना असं घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यानं मी जास्तच भ्याले.

“आप्पा, उठायचं नाही. बसूनच मागं सरका.”

ते लहान पोरासारखं ऐकत गेले. वीतवीत सरकत आम्ही कठड्यापाशी आलो, तेव्हा तो माणूस धापा टाकत पोचला आणि त्यानं आप्पांना काखेत धरून काठावर आणलं. मी मात्र काठापर्यंत रांगतच आले.

डॉक्टरांनी कानातल्या तोलाचा दोष सांगितला. गोळ्यांनी चक्कर थांबली. आप्पा आता पुन्हा धरण बघायला जाऊ म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.