तामलवाडीच्या अलीकडं बंद पडलेली गाडी

सासूनं विळा ड्रायव्हरच्या मानेला लावला, तेव्हा तो गाडीच्या मागं गुडघे टेकून वाकला होता. त्याच्या हातातला पाना पेट्रोलच्या टाकीखालच्या नटावर होता. आत सीटवर सासरे पाय पोटाशी घेऊन ओरडत होते. दोन दिवस त्यांची लघवी बंद होती. पोट घागरीसारखं ताठ झालेलं. सोलापूरच्या डॉक्टरकडं पोचले तर जगतील, नाहीतर नाही, असं गावच्या वैद्यानं सांगून टाकलं होतं.

"नट फिरवला तर चिरीन," सासू म्हणाली. "पेट्रोल सांडून आमाला हितंच टाकायचंय तुला."

ड्रायव्हर हलला नाही. उघडा माळ होता, तामलवाडी अजून पुढं होती. रस्त्यावर आम्ही चौघं सोडून कुणी नव्हतं. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. मलाही वाटलं, चिरावं.

निजामाचं राज्य संपायला काही महिने उरले होते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आमच्या भागात कुणाचा कुणावर विश्वास राहिला नव्हता. जमेल तो जवळचं किडूकमिडूक घेऊन सोलापूरकडं सरकत होता. वाटेत निजामाच्या हद्दीवरचा नाका होता. तिथं झडती व्हायची. पिठाच्या डब्यात हात घालतात, वाकळ उसवतात, असं बायका पाण्यावर बोलायच्या. खरं किती, खोटं किती, कुणी बघून आलं नव्हतं.

गाडी त्या ड्रायव्हरचीच होती. आधी कुण्या वकिलानं वापरली, मग एका अडत्यानं, मग ती ह्याच्याकडं आली. छत ताडपत्रीचं होतं आणि एक दार काथ्यानं बांधलेलं. पोरगा वीस-बावीस वर्षांचा, तेर गावाकडचा मुसलमान, तुळजापुरात भाडी मारायचा. माझा नवरा सोलापुरात गिरणीत होता. घरातला बाप्या म्हणजे सासरे, आणि ते असे पडलेले. बैलगाडीच्या हिसक्यांनीच ते गेले असते, म्हणून सासूनं शेजाऱ्याला धाडून ही गाडी आणवली. गाडी दारात आली आणि सासूचा संशय सुरू झाला.

"ह्यो आपल्याला कुठं नेऊन घालील, नेम न्हाय," ती माझ्या कानात म्हणाली. "तू रस्ता बगत ऱ्हा."

मी त्या रस्त्यानं कधी गेले नव्हते. तरी बघत राहिले.

तुळजापूर मागं टाकलं आणि घाट उतरल्यावर गाडी पहिल्यांदा बंद पडली. धक्के खाल्ले, खोकली आणि थांबली. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं, प्लग काढून कानशीनं घासले, परत बसवले. दांडा घालून फिरवला तशी गाडी लगेच चालू झाली. तो खूश झाला. "मावशी, काजळी धरली हुती. आता बघा कशी पळती."

जरा पळाली आणि पुन्हा थांबली. ह्या वेळी बाभळी होत्या दोन्हीकडं. त्यानं वायरी हलवून बघितल्या, पाणी बघितलं. तेवढ्यात मागून दोन सायकलवाले आले, उतरले, त्याच्याशी उर्दूत काहीतरी बोलले. एकानं वाकून आमच्याकडं बघितलं. मग ते पुढं निघून गेले. ते कोण होते ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"काय म्हनत हुते?" सासूनं विचारलं.

"कुठं चालला, इचारत हुते."

"एवढंच बोलाया एवढा येळ?"

"एक म्हनला गाडी भंगारात घाल. दुसरा म्हनला भंगारवाला बी घ्यायचा न्हाय." तो हसला. सासू हसली नाही. दांडा फिरवल्यावर गाडी पुन्हा चालू झाली, आणि हेच सासूला खुपलं. बिघडलेली गाडी बिघडलेलीच राहते. ही थांबते आणि ह्याचं बोलणं उरकलं की चालू होते. मलाही ते पटलं.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा सासरे विव्हळायचं थांबवून म्हणाले, "पोरा, गाडीला बी माझंच दुखनं झालंया का रं?"

ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलं. चेष्टा कळायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "बाबा, तुमी बराबर बोलला." त्यानं पेट्रोलची नळी इंजिनाकडून सोडली आणि तोंडात धरून जोरात फुंकली. मागं टाकीत गुडगुड आवाज आला. नळी सोडल्यावर पेट्रोल भळभळा आलं आणि थोड्या वेळानं आपोआप बारीक झालं. तो थुंकला, तोंड पुसलं. "इंजान चांगलं हाय. पेट्रोल येतंय आन अडतंय. टाकीत कायतरी हाय. गाडी थांबली की ते बाजूला हुतं, चालली की पुन्ना नळीच्या तोंडाला बसतं."

"मग जाऊ दे तशीच," सासू म्हणाली. "थांबत थांबत जाऊ."

"बाबांच्यानं निघंल का तेवढं?"

तरी तिनं तशीच जाऊ, हाच हेका धरला. मला नवल वाटलं. सकाळपासून घाई तिलाच होती.

पुढं जिथं थांबलो तो हा माळ. आता फुंकूनही भागेना. त्यानं इंजिनाजवळची पेट्रोल गाळायची काचेची वाटी काढली, बोटानं पुसली आणि बोट आमच्यापुढं धरलं. बोटावर लाल धागे होते.

"माझ्या टाकीत कापड कुणी घातलं?" आता त्याचा आवाज बदलला होता. "सकाळी तुळजापुरात टाकी बघितली, साफ हुती. तुमच्या दारात मी हिरीवर तोंड धुवाया गेलो, तेवढंच गाडीपासनं लांब हुतो. मला रस्त्यात पाडायचं कुणी ठरवलं हुतं?"

म्हणजे त्यालाही आमचा संशय होता. त्याला वाटत होतं, ह्या लोकांनी आपल्याला माळावर अडकवलं, आता कुणीतरी येईल. तो सारखा मागं वळून रस्त्याकडं बघत होता. मग पाना घेऊन टाकीकडं गेला आणि सासू विळा घेऊन त्याच्या मागं. त्या दिवसांत विळ्याशिवाय ती उंबरा ओलांडत नव्हती.

मी ते लाल धागे बघत होते. तसा लाल रंग आमच्या घरात एकाच कापडाचा होता. तुळजापूरच्या देवीच्या ओटीचा खण. सासूनं तो देवीपुढून आणून देव्हाऱ्यात ठेवला होता. देवीच्या खणात बांधलेलं चोराच्या हाताला लागत नाही, विस्तवात जळत नाही, असं आमच्याकडं मानतात. आणि सासूचा गळा मोकळा होता. बोरमाळ नाही, पुतळ्यांची माळ नाही. भावाकडं ठेवली, असं ती मला म्हणाली होती. भाऊ तिच्याकडं दिवाळीपासून आला नव्हता.

"आत्याबाय," मी म्हणाले, "देवीचा खण कुठाय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की विळा आता माझ्याकडं वळतो असं वाटलं.

आतून सासरे ओरडले, "टाकीत घातलंस व्हय सोनं? आगं ए बया! म्या हितं मरतुया आन तू बोरमाळ राखतीस?"

"नाक्यावर घेत्यात सगळं," ती म्हणाली. "पेट्रोलात कोन हात घालतंय? देवीचा खण हाय, त्याला काय हुत न्हाय."

"खनाला न्हाय झालं काय," ड्रायव्हर मान न हलवता म्हणाला. "गाडीला झालं. आता विळा काढा, मावशी."

तिनं लगेच काढला नाही. तिचा हिशेब मला दिसत होता. नवरा जगला तर सोनं ह्या पोरानं बघितलेलं असणार. सोनं लपलेलं राहिलं तर नवरा जाणार. सासरे पुन्हा ओरडले, ह्या वेळी शब्द नव्हते, नुसता आवाज. तेव्हा तिनं विळा खाली घेतला. त्याच्या मानेवर रेघ उमटली होती, रक्ताची.

सोबत घेतलेल्या घागरीतलं पाणी मी सांडून टाकलं आणि घागर टाकीखाली धरली. त्यानं नट सोडला, पेट्रोल घागरीत घेतलं. थेंब सांडू दिला नाही. मग तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून आत घातला. बराच वेळ खरवडल्यावर पुरचुंडी वर आली. बोटाएवढी बारीक, लांब, वातीसारखी वळलेली. खणाचा रंग उतरला होता, एक टोक विसकटून त्याचे धागे धागे झाले होते.

त्यानं ती सासूच्या पायाशी टाकली. "इचारलं असतं तर सीटखाली जागा दावली असती."

"तुला इचारायला तू माझा कोन?"

"कोन न्हाय. म्हनून तर मानंवर विळा."

सासूनं रस्त्यातच बसून पुरचुंडी सोडली आणि एकेक दागिना बघितला. सगळं होतं. तरी दोनदा बघितलं. त्यानं घागरीवर फडकं धरून पेट्रोल परत टाकीत गाळून ओतलं, नळी जोडली, दांडा फिरवला. गाडी चालू झाली आणि नंतर बंद पडली नाही.

सोनं आता सासऱ्यांच्या धोतराच्या निऱ्यांत बांधलं. नाक्यावर ड्रायव्हर खाली उतरला आणि शिपायाबरोबर आत खोपटात गेला. बाहेर यायला वेळ लागला. सासूचा हात पदराखाली विळ्यावर होता. "सांगतोय बघ," ती म्हणाली. "आता सांगतोय." मलाही तसंच वाटत होतं. शिपाई बाहेर आला, गाडीत वाकला.

"पेशाब बंद है, साब," ड्रायव्हर मागून म्हणाला. "दो दिन से."

शिपायानं सासऱ्यांचं पोट बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि हातानं जा म्हणून खुणावलं. ड्रायव्हरनं आत काय सांगितलं होतं, काय नाही, हे आम्ही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

सोलापुरात डॉक्टरनं रबराची नळी घातली. परात भरली. सासरे आधी रडले, मग शिव्या दिल्या, मग झोपले.

त्या साली आमच्या भागात पुष्कळ माणसं गेली, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची. निजामाचं राज्य गेल्यावर ड्रायव्हर काही महिने कुठंतरी बहिणीकडं जाऊन राहिला आणि परत आला. पुढं दुसऱ्या गाडीवर दिसायचा. सासरे बरीच वर्षं जगले, सासू त्यांच्या आधी गेली. पण त्या साली आम्ही चौघंही जगलो.