सासऱ्यांचा अंगठा आणि माझं युरिक अॅसिड

माझ्या सासऱ्यांच्या पायाचा अंगठा मधूनमधून टमाट्यासारखा लाल व्हायचा. चादर लागली तरी ते कळवळायचे. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, युरिक अॅसिड वाढलंय, डाळी बंद करा. तेव्हापासून पांडेसऱ्याच्या चाळीतल्या आमच्या खोलीत हा शब्द मीठ-मिरचीइतका सवयीचा झाला होता.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मला पहिल्यांदा दिवस गेले. आठवा लागला तसे पाय सुजले, मग तोंड. चाळीतल्या खान्देशी बायका म्हणाल्या, बाई कशी भरलीय. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त डोकं फार ठणकायचं, म्हणून सासूबाई मला तिथल्या गुजराती डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी बीपी पाहिलं, लघवी तपासली, रक्त काढलं. रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "बेन, युरिक अॅसिड वाढलंय. बीपीबरोबर हे वाढलं की दोघांच्या जिवाला धोका असतो. आजच भरती व्हा."

सासूबाईंनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "हाई ते आपला घरनं दुखनं शे," म्हणाल्या आणि मला रिक्षात घालून घरी आणलं. माझ्या ताटातून तुरीची डाळ गेली, उडदाची गेली. भाकरी आणि दुधीची भाजी उरली. त्यात दुष्टावा नव्हता. सासऱ्यांचा अंगठा याच पथ्यानं उतरला होता, आणि त्या माझ्यासाठी वेगळं रांधून मन लावून पथ्य सांभाळत होत्या. पोटात भूक आणि डोक्यात राग घेऊन मी जेवत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून भाऊ न्यायला आला. नवराही पोचवायला स्टेशनावर आला होता. फलाटावर मला समोरची पाटी दोन दोन दिसायला लागली. मी तसं सांगितल्यावर नवऱ्यानं सामान भावाच्या हातात दिलं आणि मला तडक दवाखान्यात नेलं.

सासूबाई मागोमाग आल्या. डाळ पूर्ण बंद केलीय, हे त्यांनी डॉक्टरबाईंना अभिमानानं सांगितलं. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माजी, हे डाळीतून आलेलं नाही. हिच्या किडन्या ते बाहेर टाकत नाहीत, म्हणून रक्तात साठतंय. आजार वाढतोय, एवढंच ते सांगतं. मूल बाहेर काढलं की उतरेल."

"मूल जगंल का?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी आईला वाचवू."

मला झटके आले, ते मला आठवत नाहीत. मुलगी झाली, फार लहान होती, रात्र काढू शकली नाही. तिला मी पाहिलं नाही.

काही दिवसांनी डॉक्टरबाई नवा रिपोर्ट घेऊन खाटेशी आल्या. युरिक अॅसिड अगदी नॉर्मल आलंय म्हणाल्या, आणि मनापासून हसल्या. त्याच सकाळी मला पान्हा फुटला होता.