बोलीच्या आधी सोडलेलं वासरू

आज सावनेरकडच्या गुरांच्या बाजारात एक काम करून आली. तुमाले सांगितल्याशिवाय मले जेवण जाणार नाही.

मागच्या वर्षी याच बाजारात एका व्यापाऱ्यानं मले गाय विकली. कास अशी भरलेली की मी पाहतच राहिली. पहिल्या दिवशी बादलीभर दूध, दुसऱ्या दिवसापासून तांब्याभर. विकायच्या आधी त्यानं दोन वेळा दूध काढलंच नव्हतं, कास मोठी दिसावी म्हणून. जाब विचारायले गेली तर चारचौघांत हसला. म्हणे, "बाईले काय समजते जनावरातलं."

वर्षभर शेण काढताना रोज तेच कानात वाजत होतं.

आज तोच माणूस, तशीच गाय. कास तट्ट फुगलेली, सडांतून दूध टपकून राहिलं होतं. वासराच्या तोंडाले मुसकं लावून त्याले दूर बांधलेलं. बोलीले वेळ होता, म्हणून व्यापारी चहा प्यायले गेला.

मी मुसकं काढलं आन् दावं सोडलं.

तो परत आला. गायीकडे न पाहताच तिच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "आधी कास पाहा, मग बोली लावा."

एक म्हातारा वाकून पाहत म्हणाला, "कुठं हाय गा कास?"

सारे हसले. वासराच्या तोंडाले दुधाचा फेस होता. माझ्या हातातलं मुसकं पाहून व्यापारी माझ्यावर धावला, "काहून सोडलं वं?"

म्हटलं, "भुकेलं होतं. बाईले काय समजते जनावरातलं."

माझं चुकलं वाटत असन तर खाली लिहा. पुढच्या बाजारालेही मी जाणारच हावो.