सुनंदाच्या कथेवरचा शेरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. परवा पुन्हा एका कॉलेजचा फोन आला — सर, जुन्या विज्ञानकथाकारांचा एकमेकांवर पडलेला प्रभाव, यावर बोला. वैताग आला. किती वर्षं तेच? कुणाची चंद्रावरची स्वारी कुणाला वाचून सुचली, कुणाचा यंत्रमानव कुणाकडून आला... धारूरला फिजिक्स शिकवता शिकवता मी याच गप्पांवर मोठा झालो. लोकांना वाटतं, या माणसानं सगळं वाचलंय.

कुठलं काय! निम्म्याहून जास्त नुसतं ऐकलेलं.

एकदा विज्ञानकथा स्पर्धेचा परीक्षक होतो. शिरूर कासारच्या सुनंदाची कथा आली. अंगणवाडीत शिकवायची ती. आईबाप दर साल ऊसतोडीला जाणारे. तिच्या कथेत ऊस तोडणारी यंत्रं होती, आणि ती आपली लहान यंत्रं फडावर सोबत न्यायची — मागं सांभाळायला कुणी नाही म्हणून. कथा चांगली होती. लई चांगली. मी वीस वर्षं असं काही लिहायला धडपडत होतो, आणि हिनं वहीच्या पानांवर, पहिल्याच झटक्यात? डोकं फिरलं. शेरा मारला : 'एका जुन्या परदेशी कथेची सरळ नक्कल.'

कुठल्या कथेची? तशी कथाच नव्हती. परदेशातल्या कुठल्या लेखकानं आपला उसाचा फड पाहिला होता — एवढं तरी बाकीच्या परीक्षकांनी विचारायचं! कुणी विचारलं नाही.

विचारलं ते तिनंच. कथा शेऱ्यासकट परत मिळाल्यावर एसटीनं धारूरला आली.

"सर, कोणतं पुस्तक हाय ते? मला वाचायचंय. मी बघून न्हाई हो लिहिलं."

"आता मिळत नाही ते," मी म्हणालो.

बीडच्या, अंबाजोगाईच्या वाचनालयांत ती ते शोधत फिरतेय, हे माझ्या कानावर येत होतं. एक फोन करायला काय लागतं? केला नाही.

गेल्या महिन्यात सिरसाळ्याच्या बाजारात भेटली. लिखाण काय म्हणतंय, असं मी कशाला विचारलं कोण जाणे.

"सोडलं सर. आपल्याला सुचतंय ते आधीच कुणीतरी लिहिलेलं असतंय. मग कशापायी लिहायचं? आन् ते पुस्तक तर घावलंच न्हाई." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी वाचलंय ना पण?"

"हो," मी म्हणालो. "दोनदा."