पट्टीवरचे धान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मामांचे. वडील गेल्यावर त्यांनी मला आपल्या घरी आणले आणि रोवणीच्या दिवसांतही कधी धानाच्या बांधीत उतरू दिले नाही. "तू शाळेत जाय, चिखल मी पाहतो," म्हणत. आधी गोंदियाची शाळा, मग नागपूरचे कॉलेज. घराण्यात पहिला बी.ए. मी झालो तो त्यांच्यामुळे.

लढाईच्या काळात गावाजवळ विमानांसाठी मुरमाची पट्टी झाली आणि मला तिथे कारकुनी मिळाली. शिकाऊ वैमानिक लहान विमाने घेऊन दिवसभर उतरण्याचा सराव करत. अपघातांचे कागद लिहिणे माझ्याकडे होते. कुणी फार उंचावरून विमान आदळी, कुणाचे चाक मोडे, कुणी थेट बांधीत जाऊन नाक रुतवून बसे. माणसे बहुधा वाचत. कारणाच्या रकान्यात मी तेच लिही: शिकाऊची चूक. लिहून लिहून हात थकला होता, आणि मन त्याच्याही आधी.

कार्तिकात धान कापून झाले. खळे करायचे तर जमीन चोपावी लागते, सारवावी लागते. पट्टी आयतीच टणक. उड्डाणे सुरू होण्याचा सकाळचा भोंगा होईपर्यंत लोक तिच्या टोकाला धान वाळत घालत. मामाही.

"मामा, विमान येईल ना अंगावर," मी एकदा म्हटले.

"येते तर आवाज देते का नाही? मी का बहिरा आहो गा?"

पण उतरताना विमानाचा आवाज जवळजवळ बंदच होतो, हे मला ठाऊक होते. शिकलेल्या भाच्याने मामाला शिकवावे, हे जमले नाही.

एके दिवशी भोंग्याआधीच एक शिकाऊ उतरत आला. समोर माणसे दिसताच त्याने नाक वर उचलले, वेग संपला आणि विमान एका पंखावर पडले. त्याचा खांदा निखळला. जीप पोचेपर्यंत लोकांनी धान उचलून पट्टी झाडून साफ केली होती.

"बाबूजी, वहाँ धान था," तो मला म्हणाला. "लिख दीजिए. तीसरी बार है, घर भेज देंगे."

पट्टीवरच्या साहेबांना हा बहाणा वाटला. मी टोकाला जाऊन पाहिले. कडेच्या गवतात धान सांडले होते आणि मामीने चिंधी लावून सांधलेली टोपली तिथेच राहिली होती.

मामांचे घर अर्ध्या कोसावर. पण समोर जायचा धीर झाला नाही. शाळेच्या मास्तरांच्या हाती चिठ्ठी दिली, वाचून दाखवायला:

"मामांस साष्टांग नमस्कार. पट्टीवर धान होते असे मी कागदावर लिहिले आहे. कुणाचे, हे साहेबांनी विचारले तेव्हा तुमचे नाव सांगितले. नुसत्या माझ्या लिहिण्यावर त्यांचा विश्वास नाही. उद्या सकाळी तुम्हाला बोलावतील. तुम्ही नाही म्हणालात तर त्या मुलाला दुपारच्या गाडीने घरी धाडतील. शिक्षा काय होईल ते मला सांगता येत नाही. साहेबांचे बोलणे मी समजावून सांगेन, तुमच्या शेजारीच उभा राहीन. मला घरात घ्यायचे की नाही ते मागाहून ठरवा. पण उद्या या. आपला भाचा."