दाराकडे टोकं केलेले बूट

“दोन वर्षं जपानला राहून हिने आणलं काय, तर बूट फिरवून ठेवायची सवय!”

आई दारात उभी राहून समोरच्या सुमाअक्कांना हसत सांगत होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते... हात थांबला. कारण बूट मी फिरवत नव्हते. मला वाटत होतं, आई फिरवते.

भुताखेतांसारख्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. हे लिहितानाही नाही.

जपानमध्ये मी एका गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिथल्या एका बाईंच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी वाकून माझे बूट दाराकडे टोकं करून ठेवले. निघताना सरळ पाय घालता यावा म्हणून. मी लाजून गेले. पुढे तिथे मीही तसंच करू लागले. इथे बंगळूरला, येलहंक्याच्या फ्लॅटमध्ये मात्र सगळ्यांसारखेच, भिंतीकडे टोकं करून कसेही काढते.

सुट्टी संपत आली होती. पुढच्या वर्षी येणार की नाही, ते शाळेला कळवायचं होतं. बाबा गेल्यापासून आई एकटी, म्हणून मी ‘नाही’ असंच कळवणार होते. आईशी बोललेही नव्हते.

“आई, माझे बूट तू फिरवतेस ना?”

“मी? या गुडघ्यांनी वाकता येतं का मला?”

रविवारी मी बूट मुद्दाम भिंतीकडे वळवून ठेवले. शेजारी आईच्या चपला, तशाच. साध्या स्लिपर घालून आम्ही दोघी अक्कांकडे कॉफीला गेलो. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्याच मुठीत. कामवाली रविवारी येत नाही.

परतलो, तर आईच्या चपला जागच्या जागी... आणि माझे बूट दाराकडे.

मागोमाग आलेल्या अक्का म्हणाल्या, “बाबाच असतील गं तुझे.”

“छे हो! त्यांनी जन्मात स्वतःच्या चपला सरळ ठेवल्या नाहीत,” आई म्हणाली.

“सरी, बरं, मग कोण?” अक्कांनी विचारलं.

कोण, ते मला आजही सांगता येत नाही. आईने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुला काही बोलायचंय का?”

मी किल्ली खिळ्याला अडकवली.

“आई... मला परत जायचंय.”